विकायचाच होता, हे ठरवणार कोण?

नागपूरच्या मानेवाड्याहून एका आईचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

"मॅडम, मी घरून सावजी मसाल्याची पाकिटं विकते. मिस्टर खाजगी नोकरीत आहेत. मुलगा हिंगणा रोडकडच्या कॉलेजात इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. बारा दिवसांपूर्वी रात्री पोलिसांनी त्याला आणि त्याच्या मित्राला रस्त्यात थांबवलं. गाडी मित्राची, डिक्कीतली बॅग आमच्या पोराची, आत त्याचं कॉलेजचं ओळखपत्र. बॅगेत गांजा निघाला. पंचनाम्यात 'कापडी पिशवीसह १ किलो १८० ग्रॅम' असं लिहिलं आहे. सोबत बारा रिकामी झिपची पाकिटं. दुसऱ्या दिवशी घराची झडती झाली. माझा मसाला मोजायचा छोटा काटा आणि पाकिटांचा गठ्ठा घेऊन गेले. मोबाइलमध्ये मित्रांकडून आलेले तीनशे-पाचशे रुपये दिसतात. रिमांडच्या कागदात 'विक्रीच्या उद्देशाने बाळगला' असं लिहिलं आहे. पोरगा म्हणतो, पाच जणांनी कॉन्ट्री करून स्वतःसाठी आणला. आता तो सेंट्रल जेलमध्ये आहे. न्यू जर्सीचा भाचा म्हणतो, विकायचा हेतू सिद्ध झाल्याशिवाय केस टिकतच नाही. दीर म्हणतात, बॅग मित्राची होती म्हणून सांगा. शेजारच्या काकू म्हणतात, व्यसनी आहे म्हणून लिहून द्या, सोडतात. त्याच्या मनात काय होतं हे पोलिसांना कसं कळलं? मी काय करू?"

ताई, आधी भाच्याचं बघू, कारण त्याच्या एका वाक्यानं तुमच्या घरात खोटी आशा बसली आहे. तो सांगतो ते अमेरिकेपुरतं बरंचसं बरोबर आहे. तिकडे नुसतं जवळ बाळगणं हा एक गुन्हा आणि विकायच्या इराद्यानं बाळगणं हा वेगळा, मोठा गुन्हा. इरादा सरकारी वकिलाला सिद्ध करावा लागतो. कबुली सहसा नसतेच, मग माल किती, पाकिटं किती, काटा होता का, रोकड किती, फोनमध्ये काय, ओढायचं सामान होतं की नव्हतं, यावरून ज्युरी अंदाज बांधते. आपल्याकडचे पोलीस नेमक्या ह्याच वस्तू गोळा करतात, म्हणून कायदाही तोच असेल असं वाटतं. तसं नाही.

आपला अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा, एनडीपीएस. गांजासाठी त्यातलं कलम २०. तुमच्या एफआयआरमध्ये ८(क), २०(ब) आणि बहुतेक २९ असे आकडे असतील. कलम २०(ब) मध्ये बाळगणं, विकणं, विकत घेणं, नेणं, वापरणं हे सगळं एकाच दमात लिहिलं आहे. विकणाऱ्याला एक शिक्षा आणि बाळगणाऱ्याला दुसरी, अशी विभागणीच त्यात नाही. विभागणी आहे ती वजनाची. गांजा एक किलोपेक्षा कमी असेल तर ते अल्प प्रमाण. शिक्षा जास्तीत जास्त १ वर्ष किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वीस किलोच्या वर गेला की व्यापारी प्रमाण; कमीत कमी १० वर्षं, जास्तीत जास्त २०, आणि १ ते २ लाख दंड. या दोन्हींच्या मधलं जे काही, त्याला १० वर्षांपर्यंत शिक्षा आणि १ लाखापर्यंत दंड. तुमचा पोरगा पंचनाम्याप्रमाणे या मधल्या खणात बसला आहे.

आता यातली गंमत बघा, गंमत म्हणवत नाही खरं तर. एखादा पोट्टा नऊशे ग्रॅम गांजा पुड्या बांधून रोज संध्याकाळी फुटाळा तलावावर विकताना पकडला गेला, तर त्याला जास्तीत जास्त एक वर्ष. आणि दुसरा, ज्यानं आयुष्यात एक पुडी विकली नाही पण वर्षभराचा साठा म्हणून सव्वा किलो घरात ठेवला, त्याच्या डोक्यावर दहा वर्षांपर्यंतची टांगती तलवार. मला स्वतःला हे पटत नाही. पण माझ्या पटण्यावर कलमं चालत नाहीत, आणि तुम्ही वकिलांकडे जाल तेव्हा हे डोक्यात पक्कं असलेलं बरं. 'तो विकत नव्हता' हे शंभर टक्के खरं ठरलं तरी तेवढ्यानं कलम २० सुटत नाही.

पूर्वी असं नव्हतं. २ ऑक्टोबर २००१ च्या आधी कलम २७ मध्ये सोय होती. माल थोडा असेल आणि तो स्वतःच्या वापरासाठीच होता, विकायला नव्हता, असं आरोपीनं सिद्ध केलं तर शिक्षा अगदी कमी. नाही केलं, तर चरसासारख्या मालात मुठीत मावेल एवढ्यासाठीही दहा वर्षं. तेव्हा खरोखर हेतूवर भांडणं व्हायची. गोव्यातला एक खटला आम्ही ज्युनिअर असताना पाठच केला होता. चरसाचे दोन तुकडे मिळून १२ ग्रॅम. पोलिसांनी तपासणीला त्यातला एकच तुकडा पाठवला. खालच्या कोर्टानं दहा वर्षं दिली. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, जो तुकडा तपासलाच नाही तो चरस होता हे कशावरून? राहिलेला पाच ग्रॅमच्या आतला, म्हणजे थोडा, आणि तो स्वतःसाठीच होता. दहा वर्षांचे सहा महिने झाले. म्हणजे बघा, हेतूवर भांडायची सोय होती त्या काळातही आधी कामाला आलं ते वजनच.

म्हणून ताई, तुमच्या सगळ्या पत्रात माझं लक्ष एकाच शब्दावर अडकलं. 'पिशवीसह'.

गांजा मोजायचा, की पिशवीसकट गांजा? कायदा अमली पदार्थाचं वजन विचारतो, कापडाचं नाही. जाड कापडी पिशवी, आत वर्तमानपत्राचे थर, त्यावर प्लॅस्टिक आणि खाकी चिकटपट्टी, असं गुंडाळलेलं असेल तर वेष्टनाचंच वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास जाऊ शकतं. तशीच एक पिशवी घेऊन, तेवढे कागद गुंडाळून मोजून बघा. (तुमचा काटा पोलिसांकडे आहे, तेव्हा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मोजा.) एकशे ऐंशीच्या वर भरलं तर तुमची केस दहा वर्षांच्या खणातून एक वर्षाच्या खणात येण्याचा रस्ता दिसतो. मी रस्ता म्हणते आहे, मुक्काम नाही. कारण मुद्देमालाची यादी करताना निव्वळ वजन वेगळं लिहिलं असेल आणि ते किलोच्या वर असेल, तर हा मुद्दा तिथेच संपतो. ते कागद आधी मिळवा.

काट्याचीही गोष्ट सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे एक केस होती, किलोच्या जरासं वर दाखवलेली. पोलिसांनी काटा आणि पंच दोन्ही एकाच दुकानातून उचलले होते. दुकानदार साक्षीला आला. उलटतपासणीत मी विचारलं, काटा कशाला वापरता? म्हणाला, "गव्हाच्या पोत्याले, मॅडम." लहान वस्तू मोजता का त्यावर? "मोजतो न. पण पन्नास-शंभर ग्रॅम इकडचं तिकडे होते त्याच्यात. गिऱ्हाइकालेबी मालूम हाये." कोर्टात हसू फुटलं. साहेब मात्र हसले नाहीत, त्यांनी ते वाक्य शब्दशः लिहून घेतलं. निकालात अल्प प्रमाण धरलं गेलं. त्या दुकानदाराला आपण काय बोलून गेलो याचा पत्ताही नव्हता.

गांजाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे भांगेच्या झाडाचे फुला-फळांचे शेंडे. पानं आणि बिया शेंड्यांसोबत नसतील तर त्या गांजात धरत नाहीत. पंचनाम्यात मात्र 'हिरवट, उग्र वासाचा, पाने-फुले-बिया-काड्या असलेला ओलसर पदार्थ' असं ठोकळेबाज वर्णन असतं आणि सगळं एकत्र मोजलेलं असतं. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एका प्रकरणात हा फरक लक्षात घेऊन अटकपूर्व जामीन दिला होता. पण यावरून काड्या वजा करून हिशोब मांडायला बसू नका. शेंड्यांबरोबर आलेली पानं वजनातून सुटतातच असं समजायचं कारण नाही, आणि एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मिश्रणाबद्दल उलट्या दिशेचा निकाल दिलेला आहे. अमली पदार्थात दुसरं काही मिसळलं असेल तर शुद्ध माल वेगळा काढायचा नाही, मिश्रणाचं पूर्ण वजन धरायचं. त्याचा खरा फटका पावडरवाल्यांना बसतो. एमडीची, म्हणजे मेफेड्रोनची, अल्प प्रमाणाची हद्द फक्त २ ग्रॅम आहे, अर्धा चमचा साखरेएवढी, आणि ५० ग्रॅमच्या वर गेलं की व्यापारी. त्यात निम्मं ग्लुकोज असलं तरी सगळं एमडी म्हणूनच मोजलं जातं. आज शहरात पोरांच्या हाती एमडी यायला लागली आहे आणि त्यांना वाटतं, छोटीशी तर पुडी आहे. तुमच्या केसमध्ये ती नाही, एवढं नशीब.

नमुने कसे काढले तेही वकिलांना बघू द्या. कलम ५२अ आणि २०२२ चे नियम सांगतात की नमुने मॅजिस्ट्रेटसमोर काढायचे. रस्त्यावरच काढून पाठवले असतील तर मुद्दा नोंदवायला हवा. पण या एका चुकीवर केस कोसळेल असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नका. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगून टाकलं आहे की नुसती ५२अ ची त्रुटी आरोपीला सोडवत नाही.

मग तुम्ही म्हणाल, हेतूला काहीच किंमत नाही, तर पोलिसांनी माझा काटा नेला कशाला?

किंमत आहे, फक्त वेगळ्या जागी. पहिली जागा जामिनाची. मध्यम प्रमाणाला कलम ३७ च्या त्या कडक अटी लागत नाहीत. त्या प्रामुख्यानं व्यापारी प्रमाणासाठी. म्हणजे न्यायाधीशांना नेहमीसारखा विचार करता येतो. तेव्हा त्यांच्यासमोर प्रश्न असतो, हा पोरगा ओढणारा आहे की धंदा करणारा? बाहेर गेला तर परत तेच करेल का? इथे काटा, पाकिटं, पैसे बोलायला लागतात. दुसरी जागा शिक्षेची. 'दहा वर्षांपर्यंत' म्हणजे दहाच नव्हे. दोषी ठरला तरी खाली किती, हे कोर्टाच्या हातात असतं आणि तिथे धंदेवाईक आणि नशेत अडकलेला कॉलेजचा पोरगा यांत फरक पडतो. तिसरी जागा कलम २९, म्हणजे कट. त्यावर पुढे येते.

आणि मनाबद्दल कायद्यात एक उलटी तरतूदही आहे. कलम ३५ म्हणतं, ज्या गुन्ह्यात आरोपीच्या मनाची अवस्था लागते, तिथे ती होती असं कोर्टानं गृहीत धरायचं; नव्हती हे आरोपीनं सिद्ध करायचं, आणि तेही संशयाला जागा न ठेवता. कलम ५४ मध्येही बाळगण्यावरून तसंच गृहीतक आहे. इतर फौजदारी केसेसमध्ये आपण सरकारी पक्षाला म्हणतो, करा सिद्ध. इथे पारडं सुरुवातीलाच तिकडे झुकलेलं. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला थोडा लगाम घातला. माल खरोखर याच्याच ताब्यात होता, हे पायाभूत सत्य आधी सरकारी पक्षानं पक्कं सिद्ध करायचं, मगच ओझं आरोपीकडे येतं.

आता तुमचा काटा. तो स्वयंपाकघरात सापडला, मसाल्याच्या डब्यांजवळ. तुमच्याकडे घरगुती खाद्यपदार्थांची नोंदणी असेल तर तिची प्रत काढा. काटा घेतल्याचं बिल किंवा ऑनलाइन ऑर्डर, पाकिटं इतवारीतून घेतली असतील तर त्या दुकानाची पावती, गिऱ्हाइकांच्या ऑर्डरचे मेसेज, सगळं तारखेवार लावा. काट्याच्या ताटलीवर तिखट-धण्याचा अंश निघेल की गांजाचा, हे प्रयोगशाळा सांगू शकते. तो अहवाल आला की पहिल्यांदा तेच वाचा. जप्त वस्तू एकच गोष्ट सांगते असं पोलिसांना वाटतं. तिची दुसरी गोष्ट कागदांनिशी मांडणं हे तुमचं काम.

पण ताई, गठ्ठ्याचं स्पष्टीकरण देता येतं, बॅगेतल्या बारा पाकिटांचं अवघड आहे. ती तुमच्या गठ्ठ्यातलीच असणार. ती कॉलेजच्या बॅगेत, गांजाच्या शेजारी कशी गेली? पाच जणांत वाटून घ्यायला पाच पुरली असती. जेलमध्ये त्याला भेटायला जाल तेव्हा हे त्याला विचारा आणि उत्तर पटलं नाही तर पुन्हा विचारा. आई म्हणून ऐकायला जड जाईल, पण तुम्हाला आधी कळलेलं बरं. सरकारी वकील हेच विचारणार आहेत.

पैशांचंही तसंच. सहा महिन्यांचं बँकेचं स्टेटमेंट काढा आणि शांतपणे वाचा. कॉन्ट्री आणि विक्री कागदावर वेगवेगळ्या दिसतात. कॉन्ट्रीत चार-पाच ठरलेल्या नावांकडून एक-दोन दिवसांत पैसे येतात आणि लगेच मोठी रक्कम बाहेर जाते. विक्रीत आधी मोठी रक्कम बाहेर जाते आणि मग आठवडाभर, पंधरवडाभर तीनशे, पाचशे, तीनशे असे ठोक आकडे वेगवेगळ्या लोकांकडून झिरपत राहतात, त्यातले निम्मे एकमेकांना ओळखतही नाहीत. तुमच्या मुलाच्या स्टेटमेंटमध्ये यातलं काय आहे ते मला इथून दिसत नाही, तुम्हाला अर्ध्या तासात दिसेल. मेसच्या, वाढदिवसाच्या, टर्फच्या पैशांच्या नोंदीही त्यात असतील. त्या बाजूला काढा, कारण पोलीस सरसकट सगळ्यांनाच मालाचे पैसे म्हणतात.

त्या चार मित्रांना मात्र आत्ता फोन करू नका. 'तुम्ही असं असं सांगा' हे तर अजिबात नाही. साक्षीदारांवर दबाव आणला म्हणून मिळणारा जामीन हातचा जाईल. आणि कॉन्ट्री कबूल करणारा मित्र स्वतःच कलम २९ मध्ये अडकू शकतो, कारण पाच जणांनी ठरवून मागवला हे पोलिसांच्या भाषेत कट होतो. कोर्टं मात्र कट इतक्या सहज मानत नाहीत. २०२१ मध्ये आर्यन खानच्या जामिनात मुंबई उच्च न्यायालयानं म्हटलं होतं की एकाच जहाजावर होते एवढ्यानं कट होत नाही, सगळ्यांचं मिळून ठरलं होतं याचा ठोस पुरावा लागतो. त्याच्या आदल्या वर्षी रिया चक्रवर्तीच्या जामिनात, दुसऱ्यासाठी अमली पदार्थावर पैसे खर्च करणं म्हणजे अवैध व्यापाराला भांडवल पुरवणं नव्हे, असंही म्हटलं. त्याच आदेशात, या कायद्याखालचे सगळेच गुन्हे अजामीनपात्र, अगदी अल्प प्रमाणाचेही, हेही आहे. तेव्हा 'छोटी केस आहे, चौकीतच सोडतील' म्हणणाऱ्यांनी तुम्हाला चुकीचंच सांगितलं.

मोबाइलबद्दल एक वाक्य, पण फार महत्त्वाचं. भाचा तिकडून 'अकाउंटमध्ये लॉगिन करून चॅट उडवतो' म्हणाला असेल, तर त्याला आजच थांबवा. पुरावा नष्ट करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि तो मग घरच्यांवर येतो. चॅटचे स्क्रीनशॉट दाखवले म्हणजे ते सिद्ध झाले असं नाही, इलेक्ट्रॉनिक पुराव्याला कायद्यानं प्रमाणपत्र लागतं. ते भांडण वकिलांना भांडू द्या.

दीरांचा सल्ला. बॅग मित्राची म्हणायची. आत तुमच्या मुलाचं ओळखपत्र आहे, ताई! ही थाप पहिल्याच तारखेला फुटेल आणि मग खरं सांगितलेलंही कुणी ऐकणार नाही. बाळगणं म्हणजे नुसतं शेजारी असणं नव्हे, माहीत असून ताब्यात ठेवणं, हे सर्वोच्च न्यायालयानं अनेकदा सांगितलं आहे. त्या मुद्द्याचा खरा फायदा गाडी चालवणाऱ्या मित्राला आहे, ज्याला बॅगेत काय आहे हे माहीत नसू शकतं. त्याचे वकील तेच मांडतील, आणि त्यांचं बोट तुमच्या मुलाकडे असेल. म्हणून दोघांना एकच वकील करू नका, मित्राचे बाबा कितीही चांगले असले आणि फी अर्धी-अर्धी होत असली तरी. कुणी म्हणेल की झडतीपूर्वी कलम ५० ची नोटीस दिली नाही, केस गेली. ते कलम अंगझडतीसाठी आहे. बॅगेला, डिक्कीला ते लागत नाही, हे २००५ मध्येच स्पष्ट झालं.

काकूंच्या सल्ल्यात तथ्य आहे, पण अर्धं. कलम ६४अ आहे. व्यसनी माणसानं स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी व्यसनमुक्तीचे उपचार घेतले, तर त्याच्यावरचा खटला चालत नाही. मात्र हे फक्त सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यासाठी. उपचार अर्धवट सोडले तर सवलत काढूनही घेतात. आत्ता, मधल्या खणात असताना, 'व्यसनी आहे' असं लिहून दिलं तर सूट मिळणार नाही आणि कबुलीसारखा कागद मात्र फाइलला लागेल. वजनाचा मुद्दा टिकून केस अल्प प्रमाणात आली, तर हेच कलम सगळ्यात मोठी खिडकी ठरेल. तसंच कलम ३९ खाली शिक्षेऐवजी उपचारासाठी सोडण्याचाही अधिकार कोर्टाला आहे. म्हणून क्रम चुकवू नका.

आणि तो खरंच व्यसनी आहे का? तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलं आहे की दिवाळीपासून तो वाळत चालला होता, जेवायला बसला की ताट तसंच, आणि बारावीला घेऊन दिलेली गिटार त्यानं विकली, तुम्हाला महिन्यानं कळलं. हे वाचून मला गांजापेक्षा गिटारीची काळजी जास्त वाटली. जामीन झाल्यावर सरकारी मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागात त्याला घेऊन जा, कोर्टाला दाखवायला म्हणून नव्हे. त्याआधी बोलायचं असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा सरकारी मोफत नंबर आहे. तो घरच्यांनाही चालतो.

कबुलीचं एक राहिलं. मुलानं पोलिसांसमोर 'विकायला आणला' अशा कागदावर सही केली असेल तर घाबरून जाऊ नका. पोलिसांसमोरची कबुली त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. या कायद्याखालच्या अधिकाऱ्यांपुढचे जबाबही कबुली म्हणून वापरता येत नाहीत, हे ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं. रिमांडच्या कागदातला 'विक्रीच्या उद्देशाने' हा शब्दप्रयोग तर अशा जवळपास प्रत्येक अर्जात असतो. तो पोलिसांचा दावा, निष्कर्ष नव्हे.

जामीन अर्ज सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात, विशेष न्यायालयापुढे जाईल. वय, कॉलेजचं बोनाफाईड, मागचे निकालपत्रक, पूर्वी गुन्हा नाही, नागपुरातच घर, हे सगळं जोडा. पहिल्या रिमांडची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. या प्रमाणाच्या गुन्ह्यात साधारणपणे ६० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन हक्कानं मिळतो, पण मागितला तरच, आणि दोषारोपपत्र यायच्या आत मागितला तरच. साठाव्या दिवसाच्या आधी वकिलांना आठवण करा, ते वैतागले तरी. वकिलांची फी झेपत नसेल तर त्याच आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, किंवा १५१०० वर फोन करा. कोठडीत असलेल्या माणसाला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

जाताना पंचनाम्याची प्रत, मुद्देमालाची यादी, नमुने काढल्याचा कागद असं क्रमानं लावून न्या. पहिल्या भेटीत वकील पाच मिनिटं देतील, त्यातली तीन फोनवर जातील. त्या उरलेल्या दोन मिनिटांत पोरगा किती चांगला आहे हे सांगू नका. प्रतीवर 'कापडी पिशवीसह' या शब्दांखाली पेन्सिलीनं रेघ ओढून ठेवा, किराणा दुकानात मोजलेल्या तशाच पिशवीचं वजन समासात लिहा आणि विचारा, निव्वळ वजन कुठे लिहिलंय?